सोलापुरातील एका अतिदक्षता विभागाचा नऊ दिवसांचा अनुभव

मे महिन्यात माझ्या ७२ वर्षांच्या वडिलांना सोलापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नऊ दिवस ठेवावे लागले. उन्हाचा पारा चाळिशीपार होता, त्यातच जुलाब लागले होते, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालूच होती आणि आम्ही त्यांना नुसते पाणी भरपूर पाजत होतो. तिसऱ्या दिवशी ते आईला ओळखेनासे झाले आणि मध्यरात्री उठून, कधीच बंद पडलेल्या गिरणीच्या पाळीला निघाले. शेजारी म्हणाले, वात झाला; आम्हाला अर्धांगाची भीती वाटत होती.

दाखल होताच बोटातून रक्त घेऊन साखर तपासली गेली, कारण साखर घसरल्यानेही माणूस असाच बरळतो आणि तो दोष मिनिटांत दुरुस्त होतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा गाठ दिसली नाही. रक्तातील सोडियम मात्र ११२ निघाले (ते साधारण १३५ ते १४५ असावे लागते) आणि लघवीत जंतुसंसर्गही आढळला. मेंदूला स्वतःला इजा नसताना शरीराच्या रसायनातील बिघाडाने त्याचे काम कोलमडते, यालाच मेटाबॉलिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात, हे तेथील डॉक्टरांनी आम्हाला मराठीत, न कंटाळता दोनदा समजावून सांगितले.

या विभागाची खरी पारख झाली ती सोडियम वाढवताना. सुरुवातीला तीन टक्के सलाईन थोडेसे देऊन ते ११७ वर आणले आणि मग मुद्दाम वेग रोखला. आकडा लवकर का वाढवत नाही, म्हणून मी चिडून विचारले. दीर्घकाळ कमी राहिलेले सोडियम घाईने वाढवल्यास मेंदूच्या खोडातील मज्जातंतूंचे आवरण नष्ट होऊ शकते, ती इजा काही दिवसांनी उघड होते आणि कायमची राहू शकते, म्हणून २४ तासांत आठाहून अधिक वाढ होऊ द्यायची नाही, असे उत्तर मिळाले. दर काही तासांनी, अगदी पहाटे तीन वाजताही, रक्त तपासले जात होते. चौथ्या दिवशी आकडा १३१ झाला आणि वडिलांनी आईला नावाने हाक मारली.

शेजारच्या खाटेवर यकृत निकामी होत आलेले एक गृहस्थ होते. त्यांना लॅक्टुलोज देऊन दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच करवले जात होते, तेव्हा अशक्त माणसाला जुलाब कशाला, असे त्यांच्या मुलाला वाटे. यकृत बिघडल्यावर अमोनिया रक्तात साठून मेंदूला भोवतो आणि आतड्यातील अमोनिया बाहेर काढण्यासाठीच ते औषध आहे, हे सिस्टरांनी त्याला नीट समजावले. त्या सिस्टरांविषयी मला मनापासून आदर वाटतो. वडिलांचा चष्मा आणि श्रवणयंत्र त्यांनीच घरून मागवून घेतले, रोज सकाळी वार आणि तारीख सांगितली, रात्री दिवे मंद ठेवले. झोपेचे इंजेक्शन मागणाऱ्या माझ्या काकांना त्यांनी ठाम नकार दिला, कारण त्या औषधांनी भ्रम अधिक वाढू शकतो.

उणिवाही गंभीर आहेत. पहिल्या रात्री नळी ओढतात म्हणून वडिलांचे हात बांधण्यात आले आणि ते आम्हाला सकाळी कळले. भेटीची वेळ दिवसातून केवळ दहा मिनिटे होती. भ्रमातील माणसाला ओळखीचा आवाज औषधाइतकाच लागतो, हे डॉक्टर स्वतः सांगत असताना हा नियम मला अनाकलनीय वाटला. सर्वांत वाईट म्हणजे, लघवी वाढवणाऱ्या ज्या गोळीने सोडियम घसरायला हातभार लावला, तीच गोळी डिस्चार्ज कार्डावर पुन्हा लिहिली होती. बहिणीच्या ते लक्षात आले, म्हणून डॉक्टरांनी ती खोडून दुसरी लिहून दिली आणि आठवड्याने सोडियम पुन्हा तपासण्यास सांगितले. ते १३७ आले.

उपचारांसाठी मी या विभागाला पाचपैकी चार गुण देईन, नातेवाइकांशी असलेल्या वागणुकीसाठी दोनच.