आठ महिने बँडकॅम्पवर: वापरानंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकारांचे अल्बम थेट विकत घ्यायच्या वेबसाइटवर, खातं उघडलं, आता जुलै चालू आहे. एवढ्या दिवसांत २७ अल्बम जमले. त्यातले ९ 'किंमत तुम्हीच ठरवा' या प्रकारातले, बाकीचे ठरलेल्या किमतीचे. सगळा खर्च साडेआठ हजारांच्या थोडा वर गेला. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण 'गाणी फुकट मिळतात की, मग पैसे कशाला घालायचे?' हे मला घरी, कंपनीत, मित्रांत सगळ्यांनी विचारून झालंय.

मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिझाइन करतो. टेरी टॉवेलची किनार, जॅकार्डची (विणीतच उमटणारी) फुलं, हॉटेलांची नावं, सगळं कॉम्प्युटरवर एकेक चौकट भरून काढायचं. भिंतीपलीकडे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू असतात. आठ तास तो खटखटाट आणि डोळ्यांसमोर चौकटी, त्यामुळे कानाला हेडफोन हे माझ्यासाठी कामाचं अवजारच आहे. वर्षानुवर्षं मी स्ट्रीमिंग ॲपवर ऐकायचो. कोणतं ते महत्त्वाचं नाही. सुरुवातीला मजा यायची. पण ॲपला एकदा आपली आवड कळली की ते तीच आवड पुन्हा पुन्हा आपल्याच ताटात वाढत राहतं. मागच्या पावसाळ्यात एक उदास गाणं मी चारदा लावलं, तर दिवाळीपर्यंत त्याच जातकुळीची गाणी येत राहिली. त्यातली चांगली होती का? होती. पण त्यातल्या एकाही बँडचं नाव आज मला आठवत नाही. आली, वाजली, गेली.

बँडकॅम्पवर गाणं असं आपणहून अंगावर येत नाही, शोधायला जावं लागतं. पहिला आठवडा मला हे अवघड गेलं. उघडल्यावर नुसती अल्बमची चित्रं आणि संगीतप्रकारांचे टॅग: सायकेडेलिक, पोस्ट-रॉक, फोक, ॲम्बियंट, शिवाय शहरांची नावं. कुठून सुरू करावं समजेना. मग एक गोष्ट सापडली आणि माझ्या मते सगळा जीव त्या एका गोष्टीत आहे. प्रत्येक अल्बमच्या खाली तो विकत घेणाऱ्यांचे छोटे छोटे फोटो असतात. त्यातल्या कोणावरही क्लिक केलं की त्या माणसाचं अख्खं कपाट उघडतं. त्याने आजवर काय काय घेतलं, कशाबद्दल काय लिहिलं, कोणतं गाणं जास्त आवडलं, सगळं दिसतं. एखाद्याच्या घरी पहिल्यांदा जावं आणि चहा येईपर्यंत त्याच्या पुस्तकांच्या मांडणीसमोर उभं राहावं, तसं वाटतं. मशीनने लावलेला अंदाज आणि स्वतःच्या खिशातले पैसे घालून माणसाने केलेली निवड, यांत किती फरक आहे ते मला तिथे कळलं.

क्रुआंगबिन हा टेक्सासचा तीन जणांचा बँड मला आधीपासून आवडायचा. जुन्या थाई फंकची छाप असलेलं, शब्द कमी आणि गिटार जास्त असं संगीत. त्यांचा एक अल्बम घेतला आणि खालच्या फोटोंपैकी एकावर सहज क्लिक केलं. त्या माणसाकडे चारशेच्या वर अल्बम होते. त्यात साहेल साउंड्स नावाच्या लेबलचे, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीचे, कितीतरी. ख्रिस्तोफर कर्कली नावाच्या अमेरिकन माणसाने ते सुरू केलं. पश्चिम आफ्रिकेत फिरताना त्याच्या लक्षात आलं, की सहाराच्या कडेच्या गावांत लोक गाणी ऐकतात ती मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून. इंटरनेट नाही, म्हणून ब्लूटूथने या फोनवरून त्या फोनवर जातात. त्याने ती कार्डांवरची गाणी गोळा केली, गाणारे शोधून काढले आणि त्यांचे संग्रह बाहेर आणले.

हे वाचताना मला नवी पेठ आठवली. कॉलेजात होतो तेव्हा मोबाइलच्या दुकानात कार्ड द्यायचं, वीस रुपयांत दोन जीबी भरून मिळायचं. दुकानदार नाव विचारायचा नाही, भाषा विचारायचा: "हिंदी, मराठी, कन्नड, तेलुगू?" आणि सोलापूरच ते, बहुतेक जण म्हणायचे, चारही टाक. घरी येऊन फोल्डर उघडावं तर भावगीताच्या शेजारी तेलुगू पिक्चरचं गाणं आणि त्याखाली कन्नड भजन. गायक कोण, साल कुठलं, काही पत्ता नाही. फायलीच्या नावात फक्त दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर. नायजर नि मालीतली पोरंही त्याच सुमाराला हेच करत होती, हे मला जुळे सोलापुरात बसून पंधरा वर्षांनी कळलं. त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागा होतो.

त्या वाटेनेच एमदू मोक्टारपाशी पोचलो. नायजरचा, सहारातल्या तुआरेग जमातीचा गिटारवादक, डावखुरा. घरच्यांना गिटार मान्य नव्हती म्हणून पहिली गिटार त्याने स्वतःच बनवली आणि तारांच्या जागी सायकलच्या ब्रेकच्या केबल ओढल्या. २००८ मध्ये नायजेरियात जाऊन केलेलं त्याचं पहिलं रेकॉर्डिंग तेव्हा रीतसर बाजारात आलं नव्हतं, मेमरी कार्डांवरूनच गावोगाव पोचलं. त्याचं पुढचं वाजवणं ऐका: गिटार थांबतच नाही, वाऱ्यासारखी पुढे पुढे ओढत नेते आणि खाली ठेका असा, की बसल्या जागी खांदे हलायला लागतात. माझ्या डोक्यात तो ठेका जानेवारीत आणखी पक्का बसला. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर चालत होतो. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, पुढे हलगी. हलगीचा तो तीन-तीनच्या झोक्यातला मार कानात घुमत असताना एकदम वाटलं, हे दोन ठेके एकमेकांना ओळखतात. संगीतशास्त्र म्हणून हे कितपत टिकेल ते जाणकारांनी ठरवावं. मला ते ऐकू आलं एवढं खरं. लहानपणापासून ऐकलेली हलगी त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट कान देऊन ऐकली.

आता पैशांचं. पहिल्याच खरेदीला माझं कार्ड तीनदा नाकारलं गेलं. बँकेच्या हेल्पलाइनवर अर्धा तास गेला, समोरून 'साइट सुरक्षित नाही सर' एवढंच उत्तर. ते चुकीचं होतं. कारण साधं निघालं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते आपणच चालू करायचे आणि मर्यादा घालायची. मी महिन्याला दोन हजार ठेवली आहे. पैसे कार्डाने किंवा पेपालने भरता येतात. यूपीआयची सवय लागलेल्या आपल्या लोकांना तिथे थबकल्यासारखं होईल. माझ्या कार्डावर बँक परकीय चलनाची फी आणि त्यावर जीएसटी लावते, तेव्हा सात डॉलरचा अल्बम सहाशेच्या पुढे जातो हे धरूनच चला.

त्या सात डॉलरमधले सरासरी ८२ टक्के बँडला किंवा त्याच्या लेबलला जातात. म्हणजे पावणेसहा डॉलरच्या आसपास. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प १५ टक्के घेतं, बाकी पैसे पाठवण्याचा खर्च. याउलट स्पॉटिफाय या स्ट्रीमिंग ॲपने २०२४ पासून ठरवलंय, की वर्षभरात हजारदासुद्धा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधन नाही. मोठ्या गायकाला त्याने काही फरक पडत नाही. मी ज्यांना ऐकतो त्यांच्यातल्या कितीतरी जणांना पडतो. विणकराच्या हातात चादरीचे किती पडतात आणि दुकानात तिची किंमत काय लागते, हे बघत मोठा झालेला माणूस मी. घेतलेल्या पैशांतले किती करणाऱ्यापर्यंत गेले हे जिथे स्पष्ट सांगितलं जातं, तिथे मला पैसे द्यायला बरं वाटतं. 'फुकट मिळतं की' ला माझं उत्तर हे आहे.

बँडकॅम्प फ्रायडे हा प्रकार जरूर लक्षात ठेवा. मार्च २०२० मध्ये, साथीमुळे कार्यक्रम बंद पडले तेव्हा सुरू झाला. काही महिन्यांच्या पहिल्या शुक्रवारी बँडकॅम्प आपला वाटा सोडून देतं, त्या दिवशी सरासरी ९३ टक्के कलाकाराकडे जातात. वेळ मात्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची. उन्हाळ्यात आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होतो, थंडीत दीडला. आमची जेवणाची सुट्टी साडेबाराची. महिनाभर आवडलेलं यादीत टाकून ठेवायचं आणि त्या दिवशी डबा उघडून एका हाताने कडक भाकरी-शेंगाचटणी, दुसऱ्या हाताने खरेदी. याने आणखी एक चांगली सवय लागली. आज आवडलेलं वीस दिवसांनीही आवडतंय का, हे आपोआप तपासलं जातं. यादीतले निम्मे मी शेवटी घेत नाही.

घेतलेला अल्बम एमपीथ्रीपासून फ्लॅकपर्यंत (आवाजातलं काही न गाळणारी मोठी फाइल) हव्या त्या फॉरमॅटमध्ये उतरवता येतो. पाऊण तासाचा अल्बम ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत शंभर एमबीच्या आसपास, फ्लॅकमध्ये अडीच-तीनशे. साध्या ब्लूटूथ इअरफोनवर मला फरक ऐकू आला नाही. तारेच्या हेडफोनवर झांजेचा शेवट आणि बेसची खोली थोडी वेगळी वाटते, थोडीच. ॲपमध्येही उतरवून ठेवता येतं. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना रेंज येते-जाते, तेव्हा त्याचं मोल कळतं.

सगळं घरच्या हार्ड डिस्कवरही उतरवून ठेवा, हे मी आग्रहाने सांगतो. २००८ मध्ये सुरू झालेली बँडकॅम्प ही कंपनी २०२२ मध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने घेतली आणि पुढच्याच वर्षी संगीताचे परवाने विकणाऱ्या सॉन्गट्रेडरला विकली. त्या वेळी जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. आज सगळं सुरळीत चाललंय, पण मालक दोनदा बदललेल्या घरात आपलं सामान ठेवताना एक जोड आपल्याकडे असावी.

भारतातलं काय मिळतं? बरंच. २००९ पासून वाजवणारा दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी नावाचा बँड मला इथेच नीट भेटला. जुन्या हिंदी पिक्चरमधल्या क्लबचा बाज, जॅझ आणि मध्येच लग्नाच्या बँडसारखं पितळी वाद्य. त्यांचा गायक सूर्यकांत साहनी 'लिफाफा' या नावाने एकट्याने हिंदीत गातो, तेही घेतलं. ढोल आणि मेटल एकत्र आणणारा ब्लडीवूड हा बँड मी कामात ऐकू शकत नाही, चौकटी चुकतात. रविवारी सकाळी घर झाडताना लावतो.

मराठी मात्र फार थोडं आहे आणि मला हे मनापासून लागतं. मराठीसाठी अजून यूट्यूबलाच जावं लागतं. अभंगांना गिटार-ड्रमची साथ देणारे अभंग रिपोस्टवाले मला तिथेच सापडले. शोधात सोलापूर टाकून पाहिलं, हाती काही लागलं नाही. या गावात गाणारी पोरं कमी आहेत का? गणपतीत पूर्व भागात एक चक्कर मारा, कळेल. कोणी वाचत असेल आणि घरी रेकॉर्डिंग करत असेल, तर खातं उघडायला पैसे लागत नाहीत, टाका. पहिला अल्बम मी घेतो.

आणखी काही खटकलेलं. ॲपमधलं शोधणं वेबसाइटइतकं सोयीचं नाही, म्हणून शोधायचं काम मी कॉम्प्युटरवरच करतो. विकत न घेतलेला अल्बम काही वेळा ऐकून झाल्यावर खरेदीची पाटी येते. ती मर्यादा कलाकार ठरवतो, त्यामुळे तक्रार नाही. एकेका गाण्याची मिसळ करून ऐकणाऱ्यांना हे आवडणार नाही, इथे मुख्य कारभार अल्बमचा आहे. मला उलट तेच मानवलं. एक अल्बम म्हणजे एका टॉवेलची किनार भरून होते, असा माझा हिशोबच बसलाय.

कंपनीतले आमचे जॉबर (लूमची देखभाल करणारे), अण्णा, वयाने माझ्या वडिलांएवढे. तीस वर्षं लूमच्या आवाजात काढली, त्यामुळे एका कानाने कमी ऐकू येतं. मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जेवताना शेजारी येऊन बसले. "काय ऐकलालास बे रोज?"

हेडफोन त्यांच्या चांगल्या कानाला लावला. सायकलच्या केबलची गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं, काही बोलले नाहीत. मग मी इस्तंबूलच्या एका माणसाचं कपाट उघडून त्यांच्यासमोर धरलं, म्हटलं, "अण्णा, यातलं एक तुम्ही सांगा." ते चित्रांवरून बोट सरकवत राहिले. एका कव्हरवर जुन्या गालिच्याचा तुकडा होता, लाल-काळा. अण्णांनी तो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ किनारीकडे पाहत राहिले.

"हातमागाचं आहे," म्हणाले. "इथं बघ, बाण्याचा आडवा धागा सुटलाय, विणणारीनं गाठ मारून पुढं नेलंय. हे घे."