गोथेनबर्गची ट्राम आणि बोट: हिवाळा-उन्हाळा वापरून झाल्यावर

स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये बोटीसाठी वेगळं तिकीट लागतं असं बरेच जण धरून चालतात. लागत नाही. वेस्टट्राफिक या सार्वजनिक वाहतूक कंपनीचं झोन ए चं (म्हणजे शहराच्या विभागाचं) तिकीट ट्राम, बस, नदीवरची फेरीबोट आणि दक्षिणेकडच्या बेटांची बोट, सगळीकडे चालतं. एकेरी तिकीट ९० मिनिटांचं, त्या वेळात कितीही वेळा गाडी बदला. बेटांवर जाऊन यायचं असेल तर सरळ २४ तासांचं घ्या.

तिकीट वेस्टट्राफिकच्या 'टू गो' ॲपमध्ये काढायचं आणि चढायच्या आधी काढायचं. चालकाकडे तिकीट मिळत नाही, गाडीत रोख पैसे कुणी घेत नाही. भारतीय कार्ड असेल तर निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले ऑनलाइन व्यवहार चालू करा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून ते सिम रोमिंगवर जिवंत ठेवा. 'स्विश' या तिथल्या मोबाइल पेमेंट ॲपच्या नादी लागू नका, त्याला स्वीडिश बँक खातं लागतं. ॲप नकोच असेल तर प्रेसब्यूरोच्या दुकानात तिकीट मिळतं. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते आणि फोन बंद म्हणजे तिकीट नाही, तेव्हा पॉवर बँक हवीच.

ट्रामची खरी गोम ब्रुन्सपार्केनला आहे. बहुतेक मार्ग याच चौकातून जातात, त्यामुळे इथे एक ट्राम अडकली की मागे रांग लागते आणि उशीर शहरभर पसरतो. शिवाय थांब्याचे फलाट ए, बी, सी अशा अक्षरांनी वेगळे केलेले आहेत. ॲपमध्ये वेळेशेजारचं अक्षर पाहिलं नाही तर आपली ट्राम समोरच्या फलाटावरून निघून जाते. घाई असेल तर मध्यवर्ती भागात चालतच जा, अंतरं छोटी आहेत. दार आपोआप उघडेल म्हणून उभे राहू नका, बटण दाबावं लागतं. आणि झेब्रा क्रॉसिंगवर मोटारी थांबतात म्हणून ट्रामही थांबेल असं समजू नका: तिथे ट्रामचा हक्क पहिला.

नदी ओलांडायला मात्र बोटच. शहराच्या मध्यभागाकडचा स्टेनपिरेन धक्का ते पलीकडचा लिंडहोल्मस्पिरेन ही २८६ क्रमांकाची फेरीबोट फुकट आहे, सायकलही नेता येते (ट्राममध्ये ती चालत नाही). ती कामाच्या दिवसांची सोय आहे. शनिवार-रविवारी २८५ पकडा. तिला तिकीट लागतं, पण ती एरिक्सबर्गवरून क्लिप्पानपर्यंत जाते आणि नदीकाठचं बंदर दाखवते. पर्यटकांच्या बोटीपेक्षा मला हीच परवडली. नदीपलीकडच्या लिंडहोल्मेन भागात प्रोजेक्टवर येणाऱ्यांनी घर शोधताना स्टेनपिरेनला चालत जाता येईल का, एवढं जरूर पाहावं.

बेटांसाठी ११ नंबरची ट्राम शेवटपर्यंत, सॉल्टहोल्मेनच्या बोटधक्क्याला. ब्रुन्सपार्केनपासून अर्ध्या तासाहून थोडं अधिक धरा. धक्क्यावर दिसेल त्या बोटीत चढायची चूक फार होते: प्रत्येक बोट व्रोंगो बेटाला जात नाही आणि स्टिर्सो बेटावर ब्रात्तेन, स्केरेट, टोंगेन असे वेगवेगळे धक्के आहेत. धक्क्याचं पूर्ण नाव ॲपमध्ये टाकून शोधा आणि परतीची शेवटची बोट आधीच बघून ठेवा. बेटांवर मोटारी नाहीत. डोन्सो बेटावर उतरून पुलावरून चालत स्टिर्सोला यायचं आणि ब्रात्तेनहून बोट धरायची, हा अर्ध्या दिवसाचा उत्तम बेत. जुलैत ऊन पडलेल्या सुट्टीच्या दिवशी अकराच्या सुमारास धक्क्यावर तोबा गर्दी असते. नऊपूर्वी निघा, आणि शाकाहारी असाल तर डबा बरोबर घ्या.

हिवाळ्यात बर्फापेक्षा पाऊस आणि वारा जास्त छळतात. छत्री उलटते, टोपीवाला रेनकोट घ्या. गोठलेल्या फुटपाथसाठी बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे, 'ब्रोडार', इथेच दुकानात मिळतात. डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा बेटं सकाळीच उरका.

लँडवेटर विमानतळाची फ्लीगबुसार्ना बस मात्र या हिशेबात बसत नाही. तिचं तिकीट वेगळं, सुटते नील्स एरिक्सन टर्मिनलवरून, वेळ साधारण अर्धा तास.