डंपावर काय लावायचं: अकेशिया की रानातली झाडं?

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागात एक टन लोहखनिज काढताना अडीच-तीन टन माती-दगड बाजूला पडला. हेच ते डंप. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं, 2018 मध्ये 88 लीजचं नूतनीकरण रद्द केलं. डंप मात्र बहुतेक जिथल्या तिथे आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी शेतं आहेत. तिथे झाडं लावायची ठरवणाऱ्या गावासाठी हे लिहितोय.

अकेशिया म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ. झपाट्याने वाढते, नत्र स्वतःच मिळवते, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून बहुतेक जुन्या डंपांवर तीच दिसते. पण तिच्याखाली बसून पाचोळा हाताने बाजूला सारून पाहा. चामड्यासारखी पानं लवकर कुजत नाहीत आणि खाली तीच तांबडी, उघडी माती असते. लांबून रान दिसतं, खाली रोप उगवलेलं क्वचितच सापडतं.

किंदळ, करंज, शिवण, जांभूळ, खैर यांचं मिश्र रान सावकाश येतं. नुसत्या मुरमात ती झाडं सहसा तग धरत नाहीत, आधी माती घडवावी लागते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपांवर साखर कारखान्यातला प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी व जिवाणू वापरून हे करून दाखवलंय. खर्च जास्त, दोन उन्हाळे पाणी आणि राखण हवीच. पण पक्षी, फळं आणि खरी माती याच वाटेने परत येतात.

माझं मत मिश्र रानाच्या बाजूने आहे. शेताकडच्या तीव्र उतारावर मात्र आधी काथ्याची जाळी आणि वाळा, पायथ्याला बांध आणि गाळ अडवणारं तळं. पावसाने पाडलेली घळ रोपाने बुजत नाही. आणि तांबडा गाळ एकदा वाफ्यात शिरला की वाळून त्याची अशी खपली धरते की भाताला वर येववत नाही. अकेशिया लावायचीच तर विरळ, पुढे काढून टाकायच्या बोलीवर.

जिथे धायटीची झुडपं आपणहून उगवलीयत, तिथे कुदळ लावू नका. निसर्गाने सुरुवात केलीय, फक्त गुरं आणि वणवा आवरा.

ठरवण्याआधी जुलैच्या जोरदार पावसात डंपाभोवती एक फेरी मारा, लाल पाणी कुठून उतरतं ते खुणा करून ठेवा. कंत्राट देताना लावलेल्या रोपांवर पैसे मोजू नका. लागवडीनंतरच्या तिसऱ्या मे महिन्यात जिवंत किती, ते मोजूनच शेवटचा हप्ता द्या.