गांधीनगर की कादाराश?

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतील शेजाऱ्यांची मुलगी यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून, संलयन ऊर्जेच्या (हलकी अणुकेंद्रके एकत्र जोडून मिळणाऱ्या ऊर्जेच्या) प्रकल्पकामासाठी गांधीनगरजवळच्या भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत अर्ज करावा की फ्रान्समधील कादाराश येथील ईटर या बहुराष्ट्रीय संलयन प्रकल्पाकडे, या पेचात ती सापडली आहे.

खर्चाचा प्रश्न चटकन सुटतो. मिरजेहून रेल्वेने अहमदाबाद गाठता येते. फ्रान्ससाठी मात्र विमानभाडे, व्हिसा आणि विमा यांची तजवीज आधी करावी लागते, आणि कागदपत्रांसाठी मुंबईच्या खेपा वेगळ्याच.

खरा फरक हाताला मिळणाऱ्या कामात आहे. भाट येथे 1989 पासूनचे आदित्य हे टोकामॅक (प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवणारे यंत्र), सुधारित रूपात, प्रत्यक्ष प्लाझ्मा निर्माण करते. निर्वात नळीचे जोड आवळताना बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे फिरवावे लागतात आणि जोड उघडला की तांब्याची चकती बदलावी लागते, हे अशा यंत्राजवळच अंगवळणी पडते. ईटरची जुळणी अद्याप चालू आहे. तेथे प्लाझ्मा नाही, पण सुमारे 30 मीटर व्यासाचे, भारताने पुरवलेले क्रायोस्टॅट (संपूर्ण यंत्राला बाहेरून वेढणारे निर्वात पात्र) जेथे बसवले जाते तेथील आरेखन, गुणवत्ता-तपासणी व बहुराष्ट्रीय समन्वय शिकता येतो. ‘परदेशी शिक्क्या’चे महत्त्व, माझ्या मते, फुगवून सांगितले जाते.

ज्याला प्रयोग आणि पुढे संशोधन करायचे आहे, त्याने भाट निवडावे. ज्याचा ओढा महाकाय यंत्रांच्या उभारणीकडे आहे आणि घरची आर्थिक बाजू भक्कम आहे, त्याने ईटरकडे अर्ज करावा. शेजारच्या मुलीला मी भाटच सुचवले आहे.