युडायस प्लसवर दहा महिने: झेडपी शाळेतल्या एका बाईंचा अनुभव

मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत आहे, पहिली ते पाचवी, द्विशिक्षकी. आधीच्या गुरुजींची बदली झाली आणि गेल्या जूनपासून मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडं आला. म्हणजे दोन वर्ग शिकवायचे, पोषण आहार बघायचा आणि युडायस प्लस पण मीच भरायचं. आता मार्च संपत आलाय, तर म्हणलं दहा महिन्यांत काय कळलं ते एकदा सविस्तर लिहावं. नवीन चार्ज घेणाऱ्यांना उपयोग होईल, आणि पालकांना पण कळेल की बाई सारखं आधार कार्ड कशाला मागतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देशातल्या सगळ्या शाळांची माहिती दरवर्षी एका ठिकाणी गोळा होते ती ही. १९९४-९५ च्या सुमाराला डायस म्हणून सुरू झालं, २०१२-१३ ला प्राथमिक-माध्यमिक एकत्र होऊन युडायस झालं आणि २०१८-१९ पासून ऑनलाइन प्लस. प्रत्येक शाळेला ११ आकडी कोड असतो, आपल्याकडच्या कोडची सुरुवात २७३० नं होते, २७ महाराष्ट्राचे आणि ३० सोलापूरचे. २०२३-२४ च्या अहवालात १४.७२ लाख शाळा आणि २४.८ कोटी मुलं आहेत. एवढ्या मोठ्या आकड्यात आमची त्रेपन्न पोरं कुठं दिसणार असं मलाही वाटायचं.

पण खरा बदल झाला २०२२-२३ ला. त्याआधी नुसते आकडे जायचे, चौथीत मुलगे अकरा, मुली नऊ, संपलं. आता प्रत्येक पोराचं नाव जातं, त्याला पेन नंबर, म्हणजे कायमचा शिक्षण क्रमांक, मिळतो आणि तो नंबर पोरगं शाळा बदललं तरी तोच राहतो. हे काम वाढलंय का, तर वाढलंय. पण ह्या दहा महिन्यांनंतर मला विचाराल तर नावानिशी माहिती हीच ह्या सगळ्यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे, आणि का ते पुढं सांगते.

आधी भरण्याचं. प्रत्येक मुलाचे तीन भाग असतात, जनरल, एनरोलमेंट आणि फॅसिलिटी प्रोफाइल. नाव, जन्मतारीख, आईचं नाव, प्रवर्ग, मातृभाषा, अपंगत्व असेल तर ते, मग गणवेश-पुस्तकं मिळाली का, उंची-वजन, घर शाळेपासून किती लांब, असं बरंच. वर्ष बदललं की आधी प्रोग्रेशन करायचं, म्हणजे मागच्या वर्गातून पुढच्या वर्गात, मागच्या वर्षीची टक्केवारी आणि हजेरीचे दिवस टाकून. ते झाल्याशिवाय पुढचं काही हलत नाही, त्यामुळं जूनमध्येच जुनी हजेरी पत्रकं काढून ठेवा. मी ऑगस्टमध्ये शोधायला लागले आणि दोन रविवार त्यात गेले.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर (पोरांच्या दाखल्याची नोंदवही) जुळवण्यात. आमच्या भागात बिराजदार पण आहेत आणि बिरादार पण आहेत, दोन्ही वेगळी घराणी, आणि एका आधार केंद्रावर तिसरीतल्या एका पोरीचं बिराजदारचं बिरादार करून ठेवलेलं. रजिस्टरला एक, आधारला दुसरं, मग व्हॅलिडेशन होणार कसं? तिची आई विडी कामगार, एक दिवस केंद्रावर गेली की त्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि तिला तीनदा जावं लागलं. तिसऱ्यांदा मी स्वतः स्कूटीवर घेऊन गेले. एका अक्षराची चूक नोंदवणाऱ्याला दिसत नाही पण तिची किंमत त्या बाईनं तीन दिवसांच्या मजुरीनं चुकवली. संचमान्यतेला, म्हणजे शाळेच्या शिक्षकांच्या जागा मंजूर करताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यात आधार जुळलेली मुलं बघतात, म्हणजे हे नुसतं कागदाचं काम राहत नाही, शाळेला शिक्षक किती मिळणार हे त्यावर ठरतं. म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, नाव नोंदवताना स्क्रीनवर काय टाइप होतंय ते घरातल्या कुणीतरी वाचून बघा.

मातृभाषेचा रकाना घाईत भरू नका. माझ्याकडं आधी जवळजवळ सगळ्यांना मराठी होतं. मी घरोघर जाऊन विचारलं तर सतरा पोरांच्या घरी कन्नड बोलतात! पहिलीतला एक मुलगा वर्गात तोंड उघडत नव्हता, मला वाटायचं लाजतोय. त्याच्या आजीनं दारातच माझ्याशी कन्नडमध्ये सुरुवात केली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून पहिलीला मी पाणी-नीरू, घर-मनी असं जोडीनं शिकवते आणि तो पोरगा आता सगळ्यात आधी हात वर करतो. एक रकाना खरा भरायला गेले म्हणून हे कळलं मला.

उंची-वजन अंदाजानं टाकू नका ओ. अंगणवाडीतून वजनकाटा आणायचा, दाराच्या चौकटीवर सेंटिमीटरच्या खुणा करायच्या, एका तासात वर्ग होतो आणि पोरांना तर जत्राच वाटते. आमच्या चौकटीवर आता जुलैच्या आणि जानेवारीच्या अशा दोन्ही खुणा आहेत, नावासकट. पाचवीतली एक मुलगी सहा महिन्यांत अजिबात वाढलेली दिसली नाही, वजन पण तेवढंच. तिला आरोग्य तपासणीच्या दिवशी मुद्दाम पुढं केली, रक्त कमी निघालं, गोळ्या चालू आहेत.

शाळेच्या सोयींचा भाग वेगळा असतो. स्वच्छतागृहं किती आणि त्यातली वापरात किती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्याकडं मुलींची दोन, त्यातल्या एकाला दारच नव्हतं. मला सल्ला मिळाला की दोन्ही चालू दाखवा, नाहीतर शाळा मागं दिसते. मी वापरात एक लिहिलं. मग त्याच पानाचा प्रिंट काढून शाळा व्यवस्थापन समितीत वाचला, सरपंच बसलेले होते, आयाबाया पण होत्या. सरकारच्या पोर्टलवर आपल्या गावाची शाळा अशी दिसते म्हणल्यावर सगळे गप्प झाले. तीन आठवड्यांत दार बसलं, कडी आतून लागते. आता पुढच्या वर्षी दोन लिहीन. म्हणून सांगते, भरलेला फॉर्म फाइलला लावून ठेवू नका, गावाला दाखवा. ही माहिती आधी गावानं वाचायला पाहिजे, दिल्लीनं नंतर वाचली तरी चालेल.

आता नावानिशी माहिती का चांगली ते. डिसेंबरात आमच्या एका पालकांना सोलापूरला एमआयडीसीत यंत्रमागावर काम लागलं, सगळं घर उचलून गेले. दाखला दिला, पोर्टलवर पोरीला रिलीज केलं, तिकडच्या शाळेनं पेन नंबर आणि जन्मतारीख टाकून तिला घेतलं. दोन दिवसांत ती पोरगी नव्या शाळेच्या यादीत. पूर्वी अशी पोरं मध्येच कुठंतरी गळायची आणि आपण गेली म्हणून रजिस्टरला रेघ मारायचो.

पण जिथं कमी पडतं तेही सांगायला पाहिजे. आमच्या शिवारात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या. ह्या वर्षी सहा पोरं आली, कोपीतून (टोळीच्या झोपडीतून) चालत. एकाचे वडील म्हणले, "बाई, ह्येला इथंच बसवा, आमी पहाटं फडात जातो, मागं कुणी नसतंय." हातात शिक्षण हमी कार्ड होतं, गावच्या शाळेनं दिलेलं, म्हणून बसवणं सोपं गेलं. पण नाव गावच्याच शाळेत. म्हणजे पोर्टलवर ते पोरगं बीड जिल्ह्यात शिकतंय आणि खरं बसतंय माझ्या वर्गात तिसऱ्या रांगेत. उरलेल्या पाच जणांतल्या दोघांकडं कार्ड पण नव्हतं. पट ३० सप्टेंबरला धरतात, टोळ्या निघतात दिवाळीनंतर आणि परततात मार्च-एप्रिलला. आपल्या वर्षाचा फोटो काढला जातो तो पोरं घरी असताना, निघून गेल्यावर कुणी काढत नाही.

वर्षातून एकदा सगळ्या शाळांची मोजणी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण मधल्या काळात काय बदलतंय ते कळायला वेगळी, छोटी, पटकन होणारी पाहणी लागते. अमेरिकेत कोरोनाच्या काळात स्कूल पल्स पॅनल म्हणून एक सुरू केलं, त्यांच्या शिक्षण खात्याच्या आकडेवारी केंद्रानं. तिकडं सरकारी शाळा लाखाच्या आसपास असतील, पण निवडल्या साधारण २,४०० आणि दर महिन्याला त्याच शाळांना थोडेच प्रश्न, किती मुलं विलगीकरणात, शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या, मुलांच्या मनाची अवस्था काय, असे. निकाल पण लवकर लोकांसमोर. मला हे फार पटलं. सगळ्यांना सगळं विचारायचं नाही, निवडक शाळांना थोडं विचारायचं पण वेळेवर विचारायचं. आणि आपल्याला हे काय नवीन नाही, ४ डिसेंबर २०२४ ला पोरांना किती येतं ते बघणारं परख सर्वेक्षण झालं ते निवडक शाळांतच झालं की, तिसरी, सहावी आणि नववीचं. मग जानेवारीत ऊस पट्ट्यातल्या निवडक शाळांना चारच प्रश्न का विचारू नयेत? बाहेरून किती पोरं आली, तुमची किती गेली, कार्ड किती जणांकडं आहे, रोज किती बसतात. दहा मिनिटांचं काम आहे.

त्याऐवजी होतं काय, तर ग्रुपवर शीट येते, "तातडीचे, आज ५ पर्यंत". जी माहिती पोर्टलवर आधीच भरलेली आहे तीच परत. जानेवारीत एका आठवड्यात मी अशा चार शीट भरल्या, त्यातल्या दोन वर्ग चालू असताना, आणि पहिलीची पोरं पाटी घेऊन माझ्या टेबलाशी उभी. हे वेळेवर माहिती घेणं नाही, हे शिकवण्याचा वेळ काढून घेणं आहे, आणि घाईत भरलेल्या आकड्याची खात्री मी तरी देणार नाही.

नवीन लोकांसाठी राहिलेलं, भराभर. सर्व्हर सकाळी सातच्या आधी किंवा रात्री नऊनंतर बरा चालतो, निदान माझ्याकडं तरी. जन्मतारीख रजिस्टरवरूनच घ्या, तोंडी विचारून नको. अपार आयडी, म्हणजे पोराचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख क्रमांक, १२ आकडी असतो आणि त्याला पालकांचं संमतीपत्र लागतं, ते पालक सभेत समजावून घ्या, पोरांच्या हाती घरी पाठवलं तर निम्मे परत येत नाहीत. आणि भरलेलं सगळं एका वहीत हातानं पण लिहून ठेवा.

ऊसतोडीची पोरं मागच्या मंगळवारी गेली. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, ट्रॅक्टर आला, जायच्या आधी तिसऱ्या रांगेतला पोरगा कार्ड घेऊन आला. त्यावर हजेरीचे ९४ दिवस लिहिले, सही-शिक्का केला, आणि मागं कोऱ्या कागदावर लिहून जोडलं की जोडशब्द वाचतो, हातच्याची वजाबाकी अजून कच्ची आहे. शुक्रवारी अनोळखी नंबरवरून फोन आला, त्याच्या गावच्या शाळेतले सर होते. म्हणले, "मॅडम, कागद मिळाला. वजाबाकी कुठपासून घेऊ, दोन अंकीपासून का तीन अंकीपासून?"