‘४+४ जीबी रॅम’चा फोन : अर्धं वर्ष वापरल्यावर

सर्व्हिस सेंटरने परवा पुन्हा तेच सांगितलं, “रिसेट मारून बघा.” म्हणून आता सविस्तर लिहितोय. कॅमेरा, बॅटरी, डिस्प्ले या किमतीत ठीक आहेत. मला बोलायचंय ते बॉक्सवर ठळक छापलेल्या ‘४+४ जीबी’बद्दल.

वीजबिल असो, तिकीट असो की मुलीच्या कॉलेजचा फॉर्म, ब्राउझरमध्ये सगळं भरायचं, ओटीपी बघायला मेसेजमध्ये जायचं आणि परत आलं की पान नव्याने लोड होतंय, फॉर्म कोरा! संताप येतो. खऱ्या ८ जीबीच्या फोनवर एवढ्याशा कामाला असं होता कामा नये. पण इथे वरचे ४ म्हणजे स्टोरेजमधून कापून घेतलेली जागा. ६४ जीबीतले ४ तिथेच गेले.

रॅम पुरवण्याची अँड्रॉइडची मूळ सोय वेगळी आहे. २०१३ च्या ४.४ पासून झेडरॅमचा पर्याय आहे. सध्या न लागणारा डेटा कॉम्प्रेस करून रॅममध्येच ठेवायचा. त्याने प्रोसेसरला थोडं काम पडतं, पण स्टोरेजला हात लागत नाही. कंपन्यांची ‘व्हर्च्युअल रॅम’ हाच डेटा स्टोरेजवर लिहिते, आणि माझ्या फोनचं स्टोरेज ईएमएमसी या स्वस्त, मंद प्रकारचं आहे. यूएफएस हा वेगवान प्रकार एकाच वेळी वाचू आणि लिहू शकतो, ईएमएमसीला ते जमत नाही. त्यामुळे जुना डेटा बाहेर लिहिला जात असताना कॅमेरा उघडला, तर कॅमेऱ्याला थांबावं लागतं. शिवाय फ्लॅश मेमरी लिहून लिहून झिजते. फोन चार-पाच वर्षं वापरणाऱ्या माझ्यासारख्याला ते परवडत नाही.

सेटिंगमधून ते ४ जीबी बंद केले, फोन रीस्टार्ट केला. अडखळणं लगेच कमी झालं. फोन कॉम्प्युटरला जोडून एडीबी या टूलने मेमइन्फो, म्हणजे मेमरीचा हिशोब, पाहिला तर स्वॅपचा (बाजूला काढलेल्या डेटासाठीच्या जागेचा) आकडा कमी झाला होता, शून्य नव्हता. म्हणजे झेडरॅम चालूच होतं.

तेव्हा ही सोय निव्वळ दिखाऊ आहे असं माझं मत झालं होतं. महिनाभराने ते थोडं बदललं. चालू असताना सकाळी उघडलेलं पुस्तकाचं ॲप संध्याकाळी त्याच पानावर सापडायचं. आता बऱ्याचदा पहिल्यापासून सुरू होतं. तेव्हा निवांत पडून राहणाऱ्या ॲपसाठी तिचा उपयोग आहे. ओटीपीच्या वेळी मात्र नाही. रॅमची ओढाताण वाढली की सिस्टिम मागे गेलेली ॲप मारते आणि त्यात ब्राउझरचा टॅब सापडतो. बॅटरी सेव्हरमधून ब्राउझर वगळल्यावर थोडा फरक पडला. आता मेसेज उघडतच नाही, वर आलेल्या नोटिफिकेशनमधूनच ओटीपी वाचतो.

ॲपलने स्टोरेजवरचा स्वॅप आणला तो २०२२ च्या आयपॅडओएस १६ मध्ये, तोही एम१ चिपच्या आयपॅडवर, आणि आयपॅड एअरला किमान २५६ जीबीची अट घालून. आपल्याकडे तो सर्वांत स्वस्त, सर्वांत मंद स्टोरेजवर विकला जातोय.

घेणाऱ्यांनी अधिकच्या चिन्हापुढचा आकडा सोडून द्यावा. दीड-दोन हजार जास्त गेले तरी खरे ६ जीबी घ्या. आणि कंपनीने स्टोरेज ईएमएमसी आहे की यूएफएस ते बॉक्सवर छापावं. माझ्या बॉक्सवर ते कुठेच नाही.