पेन्सिलीने आखलेला तक्ता: आमच्या कम्युनिटी कॉलेजची प्री-फार्मसी अ‍ॅडव्हायझिंग

न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजची अ‍ॅडव्हायझिंग सेवा, म्हणजे कोणते विषय कधी घ्यायचे याचा सल्ला, मी फार्मसी स्कूलच्या तयारीसाठी दोन वर्षं वापरली. वेगळे पैसे पडत नाहीत, फीमध्येच धरलेली असते. पाचपैकी चार तारे देतेय. पहिल्या वर्षाच्या मध्यावर कुणी विचारलं असतं, तर एकही दिला नसता. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि ती एका माणसाच्या घाईबद्दलची आहे, सगळ्या कॉलेजबद्दलची नाही.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे हे कुणाच्या कामाचं आहे ते कळेल. मी २०११ साली लातूरला बी.फार्म. केलं. लग्नानंतर इथे आले. परदेशी फार्मासिस्टांची परीक्षा द्यायची आणि लायसन्स काढायचं, इतकं ते सोपं वाटलं होतं. पण १ जानेवारी २००३ ला किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्यांना त्या वाटेने जायचं तर किमान पाच वर्षांचा फार्मसीचा अभ्यासक्रम झालेला लागतो. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. म्हणजे ती वाट बंद. उरलं इथलं फार्म.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी. ती चार वर्षांची पदवी, आणि तिथे प्रवेश मिळण्याआधी दोन-तीन वर्षांचे ठरावीक विषय. ज्या तीन फार्मसी स्कूलांवर माझा डोळा होता, त्यांतल्या दोघांनी विज्ञानाचे विषय इथेच करून या असं कळवलं. तेव्हा बारा वर्षांच्या खंडानंतर, पस्तिशी जवळ आलेली असताना, एका मुलीची आई आणि फार्मसीत आठवड्याला वीस तास टेक्निशियनचं काम, असा संसार घेऊन मी २०२३ च्या फॉलमध्ये, म्हणजे शरद ऋतूतल्या सेमिस्टरमध्ये, जनरल केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्गात बसले.

पहिले अ‍ॅडव्हायझर नोंदणीच्या गर्दीत भेटले. बाहेर रांग होती, मला जेमतेम दहा-बारा मिनिटं मिळाली. त्यांनी संगणकावर असोसिएट डिग्रीची, म्हणजे कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या पदवीची, यादी काढली आणि वरून खाली विषय भरत गेले. पीकॅट या फार्मसी प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला आत्तापासून लागा, पुस्तक घेऊन ठेवा, असंही म्हणाले. मी घेतलं. ही परीक्षा जानेवारी २०२४ पासून कायमची बंद होणार आहे, हे मला दोन महिन्यांनी कामावरच्या एका इंटर्नकडून कळलं. पुस्तकाचे पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण मुलीला झोपवून रात्री दहानंतर त्या पुस्तकाला दिलेले तास गेले याचं जास्त.

खरा फटका बसला स्प्रिंगमध्ये, म्हणजे पुढच्या सेमिस्टरला. त्याच अ‍ॅडव्हायझरांनी मला जनरल केमिस्ट्री दोन, बायोलॉजी दोन आणि अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी एक असे तीन विषय एकत्र दिले, आणि वर ‘भार हलका राहावा’ म्हणून कलेच्या ओळखीचा एक ऑनलाइन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय). कागदावर पंधरा क्रेडिट. पंधरा म्हणजे इथे अगदी नेहमीचा भार, त्यामुळे मलाही काही खटकलं नाही. पण चार क्रेडिटच्या प्रत्येक विज्ञान विषयात आठवड्याला तीन तास लेक्चर आणि तीन तास लॅब असते. लॅबच्या तीन तासांना क्रेडिट एकच. म्हणजे नुसते वर्गात बसायचे तास अठरा, त्यावर तीन लॅबचे रिपोर्ट, त्यावर नोकरी. आणि तो ‘हलका’ इलेक्टिव्ह आठ आठवड्यांत आटपणारा निघाला. दर आठवड्याला तीनशे शब्दांची एक पोस्ट, दोघांना उत्तरं, आणि रविवारी रात्री बाराला सगळं बंद. नेमका रविवार माझा कामाचा दिवस.

फेब्रुवारीच्या अखेरीला अ‍ॅनाटॉमीचं पहिलं लॅब प्रॅक्टिकल झालं. टेबलांवर हाडं मांडलेली, त्यांना नंबर लिहिलेल्या टाचण्या, प्रत्येक टेबलापाशी एक मिनिट. घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे सरकायचं. आदल्या दिवशी केमिस्ट्रीची परीक्षा होती, त्यामुळे मनगटाची आठ हाडं मी बसमध्ये पाठ केली होती. सातव्या टेबलापाशी हातात पेन्सिल आणि समोर ते वाटाण्याएवढं पिसिफॉर्म. नाव ओठांवर होतं, आलं नाही. घंटा वाजली. त्या आठवड्यात मी तो विषय सोडला. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, डब्ल्यू (विथड्रॉअल, विषय सोडल्याची खूण) लागला.

डब्ल्यू जीपीएमध्ये (ग्रेडांच्या सरासरीत) धरला जात नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी तो तिथे दिसतो. आणि विषय सोडायचा फॉर्म भरताना जे वाटतं, ते आकड्यात मोजता येत नाही.

आता ज्यांच्यामुळे हे चार तारे आहेत, त्यांच्याविषयी. दुसऱ्या अ‍ॅडव्हायझर ट्रान्सफर विभागात, म्हणजे इथून पुढे दुसऱ्या संस्थांत जाणाऱ्यांच्या विभागात, बसतात. मी डब्ल्यूचा फॉर्म घेऊन गेले तेव्हा खिडकीवरच्या मुलीने मला त्यांच्याकडे पाठवलं. बाईंनी आधी संगणक उघडलाच नाही. मला म्हणाल्या, ज्या फार्मसी शाळांना अर्ज करणार आहात त्यांच्या विषयांच्या याद्या छापून आणा आणि परवा या. मी तीन याद्या घेऊन गेले. त्यांनी एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने तक्ता आखला. डावीकडे विषय, वर तीन शाळा. जे तिन्हीकडे लागतात त्यांना गोल, जे एकीकडेच लागतात त्यांना फुली. जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, बायोलॉजी, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश आणि भाषणकला यांना गोल मिळाले. मायक्रोबायोलॉजी दोघांना हवी, फिजिक्स एकाला, अर्थशास्त्र दोघांना. आणि माझा तो कलेचा इलेक्टिव्ह? एकाच शाळेच्या ह्युमॅनिटीजच्या रकान्यात बसला. बाकी दोघांना सोशल सायन्स हवं होतं. असोसिएट डिग्रीला चालतो तो विषय फार्मसी स्कूलला चालतोच असं नाही, ही एवढी गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती.

मग त्यांनी केमिस्ट्रीचे चार चौकोन एका ओळीत काढले आणि बाणांनी जोडले. जनरल एक, जनरल दोन, ऑरगॅनिक एक, ऑरगॅनिक दोन. आमच्या कॉलेजात ऑरगॅनिक एक फक्त फॉलमध्ये असतं. जनरल दोन हुकलं की एक सेमिस्टर जात नाही, अख्खं वर्ष जातं. म्हणून ही ओळ आधी पक्की करायची, बाकी सगळे विषय तिच्या आजूबाजूला बसवायचे. अ‍ॅनाटॉमी सोडलात ते योग्य केलंत, केमिस्ट्री सोडली असतीत तर मी तुम्हाला थांबवलं असतं, असं त्या म्हणाल्या. त्या वाक्याने माझ्या छातीवरचा दगड उतरला.

त्यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आठवड्यात कुठल्या दिवशी तुमच्या हातात सलग तीन तास असतात? मी मोजून पाहिलं. मंगळवार सकाळ आणि शुक्रवार दुपार, बस्स. तर मग एका सेमिस्टरला लॅबचे दोनच विषय, असं त्यांनी लिहून टाकलं. ज्याच्याकडे चार दिवस मोकळे आहेत त्याला तीन झेपतील, तो हिशोब निराळा.

इलेक्टिव्ह निवडण्याची त्यांची रीत मला मनापासून पटली. सोपा कोणता, हे त्या बघतच नाहीत. काम कोणत्या जातीचं आहे, हे बघतात. ऑरगॅनिकला रोज हात चालवावा लागतो. रासायनिक क्रिया कशी घडते ते दाखवणारे बाण दररोज काढले नाहीत तर परीक्षेच्या आदल्या रात्री काही होत नाही. अ‍ॅनाटॉमी पाठांतरावर चालते. दोन्ही एकत्र असतील तर तिसरा विषय वाचनाचा किंवा पाठांतराचा नको, उभं राहून बोलण्याचा घ्या. म्हणून २०२४ च्या फॉलमध्ये मला ऑरगॅनिक एक, अ‍ॅनाटॉमी एक आणि भाषणकला असे तीनच विषय मिळाले. अकरा क्रेडिट. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना पूर्णवेळ राहण्यासाठी साधारणपणे बारा लागतात, त्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. माझ्यावर ते बंधन नव्हतं.

ऑरगॅनिक समरमध्ये उरकून टाकू का, असंही मी विचारलं होतं. त्यांनी सरळ नाही म्हटलं. पंधरा आठवड्यांचं काम पाच-सहा आठवड्यांत, तेही नोकरी सांभाळून, नको. समरमध्ये इंग्लिशचा दुसरा भाग करा. मी तेच केलं आणि बरं झालं.

भाषणकलेबद्दल थोडं लिहितेच, कारण आपल्याकडची बरीच मुलं हा विषय शेवटपर्यंत टाळतात. पहिलं भाषण चार मिनिटांचं होतं. मी विषय घेतला अँटिबायोटिकचा डोस मध्येच का थांबवू नये. दुसऱ्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की मी फळ्याकडे बघून बोलतेय, लोकांकडे नाही. प्राध्यापकांनी शेरा लिहिला होता: ‘माहिती पूर्ण, पण सांगितलीत कुणाला?’ फार्मसीच्या काउंटरवर मी रोज हेच करत होते. पिशवी, पावती आणि चेहरा स्क्रीनकडे. त्या शेऱ्यानंतर मी औषध देताना आधी माणसाकडे बघायला लागले.

मोकळा इलेक्टिव्ह एकच शिल्लक होता. मेडिकल टर्मिनॉलॉजी घ्यावी असं माझ्या मनात होतं, सगळे तेच घेतात. बाईंनी विचारलं, तुमच्या काउंटरवर इंग्रजीशिवाय कोणती भाषा ऐकू येते? आमच्या भागात स्पॅनिश. मग स्पॅनिश एक घेतलं. तिसऱ्या आठवड्यात आकडे आले. दिएस, ओन्से, दोसे. दहा, अकरा, बारा. वहीत मी ओन्सेचं स्पेलिंग लिहिलं आणि हात थांबला. ओ, एन, सी, ई. इंग्रजीत त्याच चार अक्षरांचा अर्थ ‘एकदा’. औषधाच्या लेबलवर ‘दिवसातून एकदा’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, आणि फक्त स्पॅनिश वाचणाऱ्या आजोबांना तिथे अकरा दिसू शकतात. रक्तदाबाची गोळी दिवसाला अकरा! दुसऱ्या दिवशी कामावर मी आमच्या फार्मासिस्टना सांगितलं. त्यांना हे माहीत होतं, औषधसुरक्षेवर काम करणारे लोक हा धोका बरीच वर्षं सांगत आले आहेत. पण मला ते तीन क्रेडिटच्या इलेक्टिव्हने शिकवलं, फार्माकोलॉजीच्या वर्गाने नाही. तेव्हापासून स्पॅनिश बोलणारं कुणी आलं की लेबल त्यांच्या भाषेत छापायचं का, हे मी विचारल्याशिवाय पिशवी बंद करत नाही.

जीपीएची एक गोष्ट त्यांनी कॅल्क्युलेटरवर करून दाखवली, तीही सांगते. चार क्रेडिटच्या ऑरगॅनिकमध्ये सी मिळाला आणि तीन क्रेडिटच्या इलेक्टिव्हमध्ये ए, तर ए चे चार आणि सी चे दोन धरून दोन्ही मिळून सरासरी २.८६ होते. इलेक्टिव्हचा ए ती तूट भरून काढत नाही. शिवाय बहुतेक फार्मसी स्कूलांचे अर्ज ज्या फार्मकॅसमधून जातात, तिथे विज्ञानाचा जीपीए वेगळाही काढतात, त्यात तर इलेक्टिव्ह धरतच नाहीत. विषय पुन्हा केला तरी फार्मकॅस जुना ग्रेड आणि नवा ग्रेड दोन्ही मोजतं, कॉलेजने जुना पुसला असला तरी. म्हणजे इलेक्टिव्हचा उपयोग ग्रेड वर ओढायला नाही. ऑरगॅनिकसाठी वेळ मोकळा ठेवायला आहे.

ट्यूटरिंग सेंटर त्याच इमारतीत आहे. चांगलं आहे, तेही फुकट. ऑरगॅनिकच्या मॉडेलचे किट तिथे सेमिस्टरभर उसने मिळतात, काळा कार्बन, लाल ऑक्सिजन, पांढरा हायड्रोजन. माझ्या मुलीने त्यातून खुर्चीसारखं सायक्लोहेक्सेन माझ्याआधी बनवलं. फक्त संध्याकाळी सहानंतर केमिस्ट्रीचा ट्यूटर नसतो, ही उणीव नोकरी करणाऱ्यांना जाणवते.

एक तारा कापला तो भेटीच्या वेळेसाठी. ट्रान्सफर विभागात प्री-हेल्थसाठी, म्हणजे फार्मसीसारख्या आरोग्य अभ्यासक्रमांना जाणाऱ्यांसाठी, या एकच बाई आहेत. नोंदणीच्या आठवड्यात त्यांची वेळ मिळणं अशक्य, आणि नवीन विद्यार्थ्याला त्या आहेत हे कुणी सांगतही नाही. मला डब्ल्यू लागला नसता तर मी त्यांच्यापर्यंत पोचलेच नसते, याचा मला आजही राग येतो. तुमच्या कॉलेजात ट्रान्सफर किंवा प्री-हेल्थ अ‍ॅडव्हायझर कोण, हे आधी विचारा. नोंदणी उघडायच्या तीन-चार आठवडे आधी वेळ घ्या. जाताना शाळांच्या छापलेल्या याद्या, कामाच्या पाळ्यांचं वेळापत्रक आणि मुलांच्या शाळेच्या वेळा बरोबर न्या.

अ‍ॅनाटॉमी एक मी पुन्हा घेतलं ते त्याच २०२४ च्या फॉलमध्ये. हाडांच्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यात दुसरी कुठलीच परीक्षा नव्हती, बाईंनी तीन विषयांचे सिलॅबस समोर ठेवून ते आधीच बघितलं होतं. मनगट चौथ्या टेबलावर आलं. स्कॅफॉइड, लुनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म. पेन्सिल खाली ठेवली तेव्हा मिनिटातले वीस-एक सेकंद शिल्लक होते.